ट्रॅकसाठी गाडीला रुंद टायर लावताय? आधी हे सगळं तपासा

ट्रॅक डेच्या रील्स बघून आपल्याही गाडीला जाडजूड टायर लावावेत असं अनेकांना वाटतं. मोबाईलवर टायर साइझचं अॅप उघडायचं, नवा साइझ टाकायचा, हिरवी टिक आली की ऑर्डर करायची, एवढं हे सोपं वाटतं. पण ते अॅप फक्त टायरची उंची तपासतं. टायर रिमवर नीट बसेल का, आत कुठे घासेल का, हे त्याला माहीत नसतं. मी हे पैसे घालवून शिकलो. तुमचे वाचावेत म्हणून हा लेख.

टायरवरचे आकडे कसे वाचायचे?

उदाहरणासाठी फोक्सवॅगन पोलो घेऊ. भारतात या गाडीला १८५/६० आर १५ हा साइझ यायचा.

- १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये.
- ६० म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ६० टक्के. इथे १११ मिमी.
- १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचात.

पुढे ८४ एच असं लिहिलेलं असतं. ८४ हा लोड इंडेक्स, म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ५०० किलो भार. एच म्हणजे ताशी २१० किमीपर्यंतचा वेग. नवीन टायरचे हे दोन्ही आकडे मूळ टायरपेक्षा कमी नकोत.

रुंद टायरने पकड वाढते का?

हो, पण कारण वेगळं आहे. रुंद टायर म्हणजे रस्त्याला टेकणारा भाग खूप मोठा, असा समज असतो. खरं तर हा भाग मुख्यतः गाडीचं वजन आणि टायरमधली हवा यांवर ठरतो. हवा तेवढीच ठेवली तर क्षेत्रफळात फार फरक पडत नाही, आकार मात्र बदलतो. तो रुंदीला वाढतो आणि लांबीला कमी होतो. त्यामुळे वळणावर टायर कमी पिळवटतो आणि स्टिअरिंगला लवकर प्रतिसाद देतो. रबर जास्त असल्याने उष्णताही जास्त ठिकाणी विभागली जाते, म्हणून सलग लॅप मारताना पकड जास्त वेळ टिकते.

पण रुंदीपेक्षा मोठा फरक रबराच्या प्रकाराने पडतो. काही टायरवर ट्रेडवेअर नावाचा आकडा असतो. रोजच्या वापराच्या टायरवर तो साधारण ३०० ते ५०० किंवा त्याहून जास्त असतो, ट्रॅकवर वापरल्या जाणाऱ्या मऊ टायरवर २०० च्या आसपास. मूळ साइझमधला चांगला मऊ टायर हा रुंद पण कडक टायरपेक्षा बऱ्याचदा वेगवान ठरतो. पहिल्या ट्रॅक डेसाठी तर मूळ साइझच पुरेसा आहे.

पायरी १ : उंचीचं गणित

सूत्र सोपं आहे : रिमचा व्यास × २५.४ + साइडवॉलची उंची × २.

- १८५/६० आर १५ : ६०३ मिमी
- १९५/५५ आर १५ : ५९५.५ मिमी, म्हणजे १.२ टक्के कमी
- २०५/५० आर १६ : ६११.४ मिमी, म्हणजे १.४ टक्के जास्त
- २१५/४५ आर १६ : ५९९.९ मिमी, म्हणजे ०.५ टक्के कमी

फरक दोन टक्क्यांच्या आत ठेवा. टायर उंच झाला की स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागतो आणि पिकअपही मंदावतो. पुढच्या आणि मागच्या टायरच्या उंचीत फरक पडला तर एबीएसचाही गोंधळ होऊ शकतो, कारण ते चारही चाकांच्या फिरण्याची तुलना करत असतं.

पायरी २ : रिमची रुंदी (माझी चूक इथेच झाली)

वरच्या यादीत २१५/४५ आर १६ सगळ्यात जवळचा दिसतो ना? मलाही तसंच वाटलं. माझ्याकडे सेकंडहँड १६ इंची अलॉय होते, ६ इंच रुंद. दुकानदार म्हणाला, "सर, बसतंय, काही होत नाही." बसलंसुद्धा.

ट्रॅकवर दुसऱ्या सेशननंतर टायर बघितले. पुढच्या दोन्ही टायरची बाहेरची कड झिजत साइडवॉलच्या अक्षरांपर्यंत आली होती. आतल्या बाजूला एक चकचकीत गोल पट्टा होता, त्यावर बोट फिरवलं तर खाच लागली. अजून एक सेशन केलं असतं तर कदाचित भर वळणावर टायर फुटला असता. घर हजार किलोमीटरच्या पुढे होतं. त्या टायरवर परत यायची हिंमत झाली नाही, तिथेच दोन नवीन घेतले.

कारण साधं होतं. २१५/४५ ला ७ ते ८ इंच रुंद रिम लागते. अरुंद रिमवर टायर फुग्यासारखा फुगतो आणि वळणावर कडेवर कलंडतो. २०५/५० ला मात्र साडेपाच ते साडेसात इंच चालते. कंपनीच्या माहितीपत्रकात ही मर्यादा दिलेली असते. ती बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

पायरी ३ : ऑफसेट, पीसीडी आणि मधलं भोक

ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारी बाजू किती मिमी दूर आहे ते. समजा, जुनी रिम ६ इंची, ऑफसेट ४०. नवी ७ इंची, ऑफसेट ३५. तर नवी रिम आत ७.७ मिमी आणि बाहेर १७.७ मिमी जास्त जाईल. आत शॉकॲब्सॉर्बर आणि बाहेर मडगार्डपर्यंत तेवढी जागा आहे का, ते आधी मोजा.

पीसीडी म्हणजे बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास. पोलोमध्ये ५ बोल्ट, १०० मिमी. मधलं भोक ५७.१ मिमी. अलॉयचं भोक यापेक्षा मोठं असेल तर हब रिंग लावा, नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरेल.

पायरी ४ : बसवल्यावरची तपासणी

१. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा, घासल्याचा आवाज ऐका.
२. मागे तिघांना बसवून स्पीडब्रेकरवरून हळू जा.
३. मोबाईलची टॉर्च लावून चाकाच्या आत फोटो काढा, ट्रॅकनंतर पुन्हा काढून तुलना करा.
४. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग नव्याने करा.
५. स्टेपनीची उंचीही जुळते का बघा.

ट्रॅकवर काय करायचं?

टायर तापले की हवेचा दाब वाढतो, ४ ते ८ पीएसआय वाढणं नेहमीचं आहे. म्हणून पिटमध्ये आल्याआल्या गरम टायरची हवा मोजा आणि नोंद ठेवा. टायरच्या कडेवर खडूची रेघ मारा. रेघ साइडवॉलपर्यंत पुसली गेली तर हवा कमी आहे, कडेला रेघ तशीच राहिली तर जास्त. बोल्ट टॉर्क रेंचने तपासा, पोलोसाठी १२० न्यूटन-मीटर. घरी परतण्याआधी हवा पुन्हा रस्त्याच्या प्रमाणात भरा.

कायदा, विमा आणि पाऊस

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. त्यामुळे रस्त्यावर कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेल्या साइझमध्येच राहा, ट्रॅकचे टायर वेगळ्या रिमवर ठेवा. साध्या वाहन विम्यात रेसिंग आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात, म्हणजे ट्रॅकवरचं नुकसान तुमच्याच खिशातून जाणार.

आणि पावसाळ्यात तर जपूनच. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो. ट्रॅकवर झिजलेला असेल तर आणखी लवकर. खाचेची खोली १.६ मिमीपर्यंत आली की टायर बदलायचा, हा नियम आहे.

थोडक्यात, उंची, रिमची रुंदी, ऑफसेट आणि लोड इंडेक्स हे चारही जुळले तरच टायर घ्या. एक जरी जुळत नसेल तर मूळ साइझचा मऊ टायर लावा आणि उरलेल्या पैशात चांगले ब्रेक पॅड घ्या. गाडी वेगात न्यायची तर आधी ती थांबली पाहिजे!