दरबार आणि दवाखाना

परवा मंडळीतल्या पुढाऱ्यांवर गप्पा निघाल्या आणि मला रेव्हरंड ना. वा. टिळक आठवले. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, ख्रिस्ताला मानणारा कुणीही यावा! केवढं हे धाडस. पण १९१९ मध्ये टिळक गेले आणि त्यांच्यामागे दरबार फार टिकला नाही.

तिकडे मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली दवाखाना उघडला आणि तीनच वर्षांत इथल्याच मुलांना डॉक्टरकी शिकवायला घेतली. १९२८ साली ते परत गेले, दवाखाना चालूच राहिला.

पुढारी म्हणून वॉनलेसच सरस, हे कळतं हो. पण मिरजेला जाताना माझं मन साताऱ्यातच रेंगाळतं.