बोंडलं प्रयोगशाळेत कसं गेलं?

आजीच्या फडताळात चोचीचं बोंडलं असेल, तर बघा जरा. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण 34 आठवड्यांना जमतो. गिळता मात्र त्याआधी येतं. नळी आणि अंगावरचं दूध यांच्यामधले हेच दिवस अवघड.

1989 मध्ये सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी काढली. दूध आईचं मिळालं, पण पाजायचं कशानं? 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत बोंडल्याचं दक्षिणी भावंड, पालडई, कप आणि बाटलीशी ताडून पाहिलं. पालडईनं बाळं कमी वेळात जास्त प्यायली. कपानं सांडलंच फार. (तुलना अशी साधी असावी!) आज अमरावतीचं डफरीन घ्या की अकोल्याचं लेडी हार्डिंग, सरकारी नवजात कक्षांच्या नियमावलीत पालडई आणि वाटी-चमचा आहेत, बाटली नाही.