दप्तरातील नोंद आणि कंठातील नोंद

आयर्लंडमध्ये १६९५ च्या कायद्याने कॅथलिकांना पाच पौंडांहून अधिक किमतीचा घोडा बाळगण्याची मनाई होती. कुणाही प्रॉटेस्टंटाने पाच पौंड पाच शिलिंग पुढे केले की घोडा देणे भाग असे. ऑस्ट्रियाच्या घोडदळात अधिकारी राहिलेल्या आर्ट ओलिअरीपाशी एक उमदा घोडा होता. मॅजिस्ट्रेट मॉरिस याने तो पाच पौंडांस मागितला व आर्टने साफ नकार दिला, असे परंपरा सांगते. पुढे आर्ट गुन्हेगार ठरला आणि मे १७७३ मध्ये कॉर्क परगण्यात सैनिकांच्या गोळीस बळी पडला.

मृताभोवती बसून स्त्रियांनी शोकगीत गावे, ही तेथील जुनी रीत. तिला अनुसरूनच त्याची पत्नी आयलीन हिने आयरिश भाषेत विलाप केला. रक्ताने माखलेला घोडा एकटाच दारी आला आणि त्यावर झेप घेऊन ती पतीच्या देहापाशी पोहोचली, असे त्यात वर्णन आहे. कित्येक वर्षे हा विलाप लोकांच्या मुखीच राहिला. मागाहून तो लिहून घेण्यात आला.

कायदा काय होता, हे सरकारी दप्तरात सापडते. तो एका घरावर कसा कोसळला, हे मात्र आयलीनच्या काव्यानेच जपून ठेवले आहे.