खानदेशातील भिंती आणि शेवाळी रंग

1818 साली खानदेशावर इंग्रजांचा अंमल बसला, कॅप्टन ब्रिग्ज यांनी धुळ्याच्या जुन्या कसब्यास सरळ रस्त्यांची नवी पेठ जोडली आणि 1906 साली जिल्ह्याची विभागणी होऊन जळगाव व धुळे ही दोन स्वतंत्र मुख्य ठिकाणे झाली. तरी धाब्याच्या घरांतील भिंतींचा दस्तूर पांढरी माती, शेण आणि चुना यांवरच दीर्घकाळ चालत राहिला.

आज दिवाणखान्यासाठी डब्यातून मिळणारा सौम्य शेवाळी रंग नवा भासतो खरा, परंतु चुन्यातही तो सहज साधतो. भट्टीतून आलेली चुन्याची कळी पाण्यात पडताच फसफसून उकळते. निवल्यावर ती गाळून तीत डिंकाचे पाणी, वस्त्रगाळ पिवडी आणि चिमूटभर काजळी अथवा नीळ मिसळली, म्हणजे पिवळेपणा मावळून हिरवट छटा उमटते. हा रंग ओला असता गडद आणि वाळल्यावर कितीतरी फिका दिसतो, म्हणूनच जाणता रंगारी प्रथम कोपऱ्यात एक पट्टा ओढून तो सुकेपर्यंत थांबतो, मगच कुंचा पुढे चालवतो.

वैशाखातील प्रखर उन्हात, अखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, शुभ्र भिंत डोळ्यांना खुपते. तेथे ही मंद हिरवाई मला अधिक सुखकर वाटते. मात्र मातीच्या भिंतीला तेलरंग देणे मला मुळीच मान्य नाही, कारण आतली ओल कोंडून पावसाळ्यानंतर त्याचे पापुद्रे सुटतात, आणि चुना तिला वाट देतो.