किळस येते, विटाळ होतो

इयरफोन लावून ऐकत असाल तर आवाज थोडा वाढवा, जेवत असाल तर आधी जेवून घ्या. आजचा विषयच तसा आहे.

माझं गाव धामणगाव रेल्वे. मुंबई-हावडा लाइनवर, बडनेरा आणि पुलगावच्या मधे. शिक्षण बीटेक, नोकरी सॉफ्टवेअरची. गेल्या वर्षी ऑफिसात एक काम आलं. लोकांच्या मराठी कमेंट वाचून मशीनला भावना ओळखायला शिकवायचं. शीटमध्ये इंग्रजी लेबलं होती: राग, आनंद, भीती वगैरे. त्यातलं एक 'डिसगस्ट'. मराठी प्रतिशब्द मी लिहायचे होते. मी दोन सेकंदांत 'किळस' टाइप केलं आणि चहाला गेलो.

परत आलो तर एक कमेंट समोर होती. कुणीतरी एका जातीबद्दल लिहिलं होतं की यांच्या हातचं पाणीसुद्धा नको. तिघांनी ती वाचून लेबल लावलं होतं: किळस. मला ते खटकलं. ही किळस आहे का? मग शब्द उकरायला बसलो.

'डिसगस्ट' हा शब्द इंग्रजीत साधारण १६०० च्या आसपास आला. त्यात 'गस्ट' म्हणजे चव. म्हणजे मुळात हा जिभेचा शब्द, नकोशा चवीचा. पुढे त्यात सगळंच शिरलं. सडकं मांस, लाचखोर पुढारी, नकोसा शेजारी, सगळ्यांना एकच शब्द.

मराठीत हे काम वाटून दिलेलं आहे. उलटीसारखं होतं ती शिसारी. पाहून अंग आकसतं ती किळस. तेच तेच खाऊन येतो तो वीट. कपड्याचा रंग विटतो, माणूसही विटतो, क्रियापद एकच. एखाद्याच्या वागण्याचा येतो तो तिटकारा. आमच्या वऱ्हाडात रोजच्या बोलण्यात घीन. पुस्तकात गेलात तर जुगुप्सा. नाट्यशास्त्रात बीभत्स रसाचा स्थायीभाव तोच. आणि घृणा? संस्कृतात या शब्दाचा एक अर्थ चक्क दया, माया असा होता. मराठीपर्यंत येताना माया गळाली, तिटकारा उरला.

मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली आला. इंग्रजीच्या एका शब्दापुढे मराठीचे अनेक ठेवायचे, हे काम तेव्हापासून चालू आहे. मी त्याच रांगेतला शेवटचा पोरगा, फक्त माझ्या हातात एक्सेल.

आता डार्विन. १८७२ साली त्याने माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावनांवर पुस्तक लिहिलं. त्यात त्याने स्वतःचाच किस्सा सांगितलाय. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला तो थंड मांस खात होता. तिथल्या एका आदिवासी माणसाने त्या मांसाला बोट लावून पाहिलं आणि त्याच्या मऊपणाने तो शहारला. इकडे डार्विनलाही शिसारी आली, कारण त्या माणसाने त्याच्या खाण्याला हात लावला. पुढे डार्विन प्रामाणिकपणे लिहितो की त्याचे हात काही घाण दिसत नव्हते.

हात स्वच्छ आहेत, तरी नको. आपल्याकडे यासाठी एक वेगळा शब्द आहे, आणि मी तो शीटमध्ये लिहायला विसरलो होतो. विटाळ.

नीट ऐका. किळस येते, शिसारी येते, वीट येतो. विटाळ मात्र 'येत' नाही, 'होतो'. येणारी गोष्ट मनात येते आणि चूळ भरली की जाते. होणारी गोष्ट नियमाने होते. तुम्हाला काही वाटो न वाटो, विटाळ झाला म्हणजे झाला. तो घालवायला आंघोळ लागते, गोमूत्र लागतं.

यावर बोट ठेवलं ते ज्यांना तो भोगावा लागला त्यांनी. चौदाव्या शतकातले चोखोबा. बुलढाणा जिल्ह्यातलं मेहुणा राजा हे त्यांचं जन्मगाव मानतात. त्यांच्या बायकोने, सोयराबाईंनी, अभंगातून विचारलं की देहच विटाळातून जन्मतो, मग सोवळा कोण? सहाशेहून जास्त वर्षांपूर्वीचा प्रश्न. उत्तर अजून बाकी आहे.

२० मार्च १९२७. महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर आणि हजारो लोक पाणी प्यायले. त्या तळ्यावर जनावरं पाणी पीत होती, त्याची कुणाला शिसारी नव्हती. माणसं प्यायली तर तळं 'शुद्ध' करायला शेण-गोमूत्राच्या घागरी ओतल्या. आता सांगा, किळस असती तर शेण कुणी ओतलं असतं का? त्याच वर्षी नोव्हेंबरात अमरावतीत, अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी परिषद भरली आणि अध्यक्ष होते आंबेडकरच. म्हणजे ही गोष्ट लांबची नाही. धामणगावहून पॅसेंजरने जाता येईल एवढी जवळची.

पुढे १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या पुस्तकात त्यांनी दोन शब्द मुद्दाम वेगळे केले: अपवित्र आणि अस्पृश्य. अपवित्र मानलेले लोक धर्मसूत्रांच्या काळापासून दिसतात, पण अस्पृश्यता इसवी सन ४०० च्या बरीच नंतरची, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे ही काही पोटातून आलेली भावना नाही. तिला सुरुवात आहे, तारीख आहे. ज्याला सुरुवात असते त्याला शेवटही करता येतो.

हे सगळं वाचताना मला आमच्या अंगणातला कोनाडा आठवत होता. तिथे कान तुटलेला एक कप असायचा. शेतावर कामाला येणाऱ्या काकांचा. ते चहा पिऊन तो स्वतः विसळून ठेवायचे. मी एकदा उचलला तर आजी ओरडली होती, "अबे पोट्ट्या, तो येगळा हाय, त्याले हात नको लावू." त्या काकांनी काढलेली तूर मात्र आमच्या घरात रोज शिजायची. मी मोठा झाल्यावरही मनात त्याला 'स्वच्छता' म्हणत आलो.

परवा आजीला फोन लावला. विचारलं, "आजी, तुले त्या काकाची किळस यायची का?"

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "किळस कायले येईन बाप्पा? मानूस सोन्यासारखा व्हता. पन रीतच तशी व्हती."

बस. हेच त्या तिघांना सांगायचं होतं. त्या कमेंटला 'किळस' म्हटलं की ती एक बिचारी भावना होते, आपोआप आलेली, कुणाचा दोष नसलेली. मी शीटमध्ये एक नवीन ओळ टाकली. 'डिसगस्ट' म्हणजे किळस, शिसारी. माणसाच्या जातीमुळे, पाळीमुळे शिवायचं नाही असं म्हटलं असेल, तर ते लेबल लावायचं नाही. वेगळं लेबल, 'विटाळ'. मीटिंगमध्ये याचं इंग्रजी काय, असं विचारलं. मला पंधरा मिनिटं लागली सांगायला. एका शब्दात सांगता आलं नाही.

तुमच्या घरी असा कप होता का? कोणत्या कोनाड्यात होता आणि त्याला घरात काय म्हणायचे, ते व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात भेटूच.