मत कुणाचे, निवड कुणाची? कोपरगाव 1957 ते शिर्डी 2009

दलितांचे मत हे 'गठ्ठा मत' असते, असे आपल्याकडे इतक्या सहजपणे बोलले जाते की त्याला पुरावा द्यावा लागतो असे कुणाला वाटतच नाही. बागायतदार मत देतो तेव्हा तो हिशेब करतो, व्यापारी मत देतो तेव्हा तो आपले हित पाहतो, आणि महारवाडा मत देतो तेव्हा मात्र तो 'वळवला जातो', अशी ही विचारसरणी आहे. हिशेब करणारा माणूस वेशीच्या आत राहतो आणि वळवला जाणारा वेशीबाहेर, हे गृहीतक त्यामागे आहे. ते किती पोकळ आहे हे तपासण्यासाठी मी एकच जिल्हा घेतो. तो माझा आहे. आज त्याचे नाव अहिल्यानगर आहे. ज्या काळाबद्दल मी लिहितो आहे त्या काळात ते अहमदनगर होते.

मताधिकाराचा प्रश्न बाबासाहेबांच्या राजकारणात अगदी पहिल्या दिवसापासून आहे, हे आपण विसरतो. 1919 मध्ये साऊथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली ती मताधिकार आणि प्रतिनिधित्व याच विषयावर. 1928 मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मतदानाची मागणी केली. त्या निवेदनातील मांडणी कार्यकर्त्यांनी मुळातून समजून घ्यावी. प्रौढ मतदान मिळणार असेल तर राखीव जागांसह संयुक्त मतदारसंघ चालतील. ते मिळणार नसेल तर स्वतंत्र मतदारसंघ हवेत. म्हणजे मतदारसंघ संयुक्त की स्वतंत्र, हा बाबासाहेबांच्या दृष्टीने श्रद्धेचा प्रश्न नव्हता. अस्पृश्याच्या मताला प्रत्यक्षात किती वजन येईल, हा प्रश्न होता.

पुढचा इतिहास सर्वज्ञात आहे. ऑगस्ट 1932 मध्ये जातीय निवाडा आला आणि 24 सप्टेंबर 1932 रोजी पुणे करार झाला. निवाड्यातील 71 जागांच्या ऐवजी 148 जागा मिळाल्या, पण त्या जागांवर कोण बसणार याचा अंतिम निर्णय संयुक्त मतदारसंघाकडे गेला. जागा दुपटीहून वाढल्या आणि निवडीचा अधिकार पातळ झाला. या एका वाक्यात पुढील पंचाहत्तर वर्षांचे राजकारण सामावलेले आहे, असे माझे मत आहे.

1937 च्या निवडणुकीत मत सर्वांना नव्हते. मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांची अट होती. ज्याच्या नावावर जमीन नाही आणि हातात दाखला नाही, असा वाड्यातला बहुसंख्य माणूस या यादीबाहेरच राहिला. तरीही स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई प्रांतात उभ्या केलेल्या उमेदवारांपैकी बहुतेक निवडून आले. नगर जिल्ह्यातून प्रभाकर जनार्दन रोहम विधानसभेत गेले. हे कसे घडले? मुंबई प्रांतातील अनेक सदस्यांच्या मतदारसंघांत मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. वाड्याने ती मते विखुरली नाहीत, एका जागी टाकली. ज्याला आज 'गठ्ठा' म्हणून हिणवले जाते ती त्या वेळची समजून उमजून वापरलेली एकमेव शक्ती होती. अल्पसंख्याने मत वाटून टाकले तर ते नाहीसे होते, हा हिशेब निरक्षर माणसांनी केला होता.

हा हिशेब कुठे झाला? आमच्या भागात वाड्यातल्या बसण्या-उठण्याच्या जागेला तक्क्या म्हणतात. अकोले तालुक्यातील धामणगावचे दया पवार यांच्या 'बलुतं'च्या वाचकांना हा शब्द परका नाही. तक्क्यात पंच बसत, वतनाच्या पाळीचे वाद तेथे सुटत, आणि मताचा निर्णयही तेथेच होई. आंबेडकरी जलसे गावोगाव फिरत. ज्याला वर्तमानपत्र वाचता येत नव्हते त्याला जलशातून पुणे करार समजला. तक्क्यातला निर्णय एका माणसाचा नव्हता. जुने लोक सांगत की वाद रात्रभर चाले आणि पहाटे एकमत होई. या पद्धतीत उणिवा नव्हत्या असे नाही. बायका तेथे बसत नसत, आणि मांगवाड्याला व चांभारवाड्याला त्या बैठकीत जागा नव्हती. ही उणीव पुढे आपल्याला फार महागात पडली.

स्वातंत्र्यानंतर प्रौढ मतदान आले. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि पेटीवर निवडणूक चिन्ह लावलेले असे. शिक्का मारायचा नव्हता. पडद्याआड जाऊन आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची, एवढेच. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे चिन्ह हत्ती होते. पण त्याच निवडणुकीत उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघात खुद्द बाबासाहेब नारायण काजरोळकरांकडून चौदा हजारांहून अधिक मतांनी पराभूत झाले. घटना लिहिणाऱ्या माणसाला राखीव जागेवर निवडून येता आले नाही. संयुक्त मतदारसंघात राखीव जागेचा मालक कोण असतो, याचा याहून स्पष्ट दाखला मिळणार नाही.

आता 1957 कडे वळू. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन तीन महिनेही झाले नव्हते. फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील झाले होते. जिल्ह्याच्या उत्तर भागातील कोपरगाव लोकसभा मतदारसंघातून समितीच्या पाठिंब्याने बापू चंद्रसेन कांबळे उभे राहिले. ॲडव्होकेट बी. सी. कांबळे या नावाने आपण त्यांना ओळखतो. ही जागा राखीव नव्हती आणि कांबळे मूळचे या जिल्ह्याचे नव्हते. शिवाय हा सहकारी साखर कारखानदारीचा मुलूख होता. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या प्रवरानगरच्या कारखान्याला तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. अशा मतदारसंघात हत्ती निवडून आला. त्याच वर्षी नाशिकमधून कर्मवीर दादासाहेब गायकवाड निवडून आले.

मराठा, माळी, धनगर शेतकऱ्यांनी हत्तीच्या पेटीत मत टाकले, ते जातिभेद मेला म्हणून नव्हे. त्यांचा स्वतःचा प्रश्न होता. मुंबई महाराष्ट्राला हवी होती आणि मुंबई देत नाही म्हणून काँग्रेसवर राग होता. त्या रागाला वाट द्यायची तर समितीचा उमेदवार निवडणे भाग होते, मग तो कोणत्या जातीचा आहे हे दुय्यम ठरले. उलट बाजूने वाड्यानेही एक निर्णय घेतला होता. भाषिक राज्यात एका जातीचे वर्चस्व येईल, ही भीती बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली होती. ती भीती डोळ्यांसमोर असतानाही वाड्याने समितीबरोबर जाण्याचे ठरवले, कारण प्रस्थापित सत्तेला खिंडीत पकडण्याची ती संधी होती. दोन्ही बाजूंनी आपापला हिशेब केला आणि दोन्ही हिशेब एका पेटीत मिळाले. याला मी राजकीय मैत्री म्हणतो. ती प्रेमावर उभी नव्हती आणि उपकारावर तर नव्हतीच.

ती टिकली का नाही? 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि शेतकऱ्याचा प्रश्न सुटला. वाड्याचा प्रश्न सुटला नव्हता. 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली, त्यात महारवतन गेले. बेगार गेली हे चांगलेच झाले, परंतु भूमिहीन माणूस मजुरीसाठी बागायतदाराच्या बांधावरच उभा राहिला. 1961 च्या सीलिंग कायद्यानंतर खाजगी साखर कंपन्यांकडच्या हजारो एकर जमिनी शेती महामंडळाकडे गेल्या, वाड्याकडे आल्या नाहीत. दादासाहेब गायकवाडांचे भूमिहीनांचे सत्याग्रह याच प्रश्नावर झाले. पण जमिनीच्या प्रश्नावर 1957 चा मित्रच समोर उभा होता. 1962 मध्ये कोपरगावची जागा काँग्रेसच्या अण्णासाहेब शिंदे यांनी जिंकली. त्याच वर्षी पंचायत राज्य आले. कारखाना, बँक, पतपेढी आणि जिल्हा परिषद ही चारही दारे एकाच घराण्याकडे किंवा एकाच गटाकडे जाऊ लागली.

आपल्या बाजूलाही पडझड झाली. रिपब्लिकन पक्ष ऑक्टोबर 1957 मध्ये स्थापन झाला आणि दोन वर्षांत 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' असे गट पडले. ज्या कांबळ्यांना कोपरगावने निवडून दिले ते एका गटाचे पुढारी झाले. 1967 मध्ये गायकवाड गटाने काँग्रेसशी समझोता केला. येथे मताच्या निर्णयाची जागा बदलली, हे ध्यानात घ्यावयास हवे. तक्क्यात रात्रभर चालणारा वाद संपला. निर्णय मुंबईत होऊ लागला आणि वाड्यात त्याचा निरोप येऊ लागला. 'गठ्ठा मत' हा आरोप जर कधी खरा ठरला असेल तर तो या काळात, आणि त्याला जबाबदार मतदार नाही.

या निरोपाविरुद्ध पहिले बंड दलित पँथरने केले. जानेवारी 1974 मध्ये मध्य मुंबईच्या लोकसभा पोटनिवडणुकीवर पँथरने बहिष्कार पुकारला. वरळीत दंगल पेटली. निकालात काँग्रेसचे रामराव आदिक पडले आणि कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. मत कुणाला द्यायचे याबरोबरच मत द्यायचे की नाही, हाही वाड्याचा निर्णय आहे, हे त्या दिवशी सिद्ध झाले. मात्र बहिष्कार हे शहरी वस्तीचे हत्यार होते. खेड्यात ते चालवणे अवघड, कारण मतदानाला न गेलेला माणूस लपत नाही.

याच ठिकाणी गुप्त मतदानाचा प्रश्न येतो. शिक्षक म्हणून निवडणुकीच्या कामावर मी अनेक मतदान केंद्रांत बसलो आहे. एका माणसाचे मत गुप्त राहते, यात शंका नाही. पण वाड्याचे मत गुप्त राहत नाही. केंद्रनिहाय आकडे जाहीर होतात, आणि ज्या केंद्रावर बहुतेक नावे एकाच वस्तीची आहेत तेथे कुणाला किती पडली हे संध्याकाळपर्यंत गावाला कळते. मग ऊसतोडीचा मुकादम, पाण्याची पाळी, रेशनचे दुकान यांतून त्याचा जाब विचारला जातो. मतदान यंत्रांमुळे ही मोजणी अधिकच उघडी झाली. अनेक यंत्रांची मते एकत्र मोजणाऱ्या 'टोटलायझर'चा प्रस्ताव निवडणूक आयोगाने 2008 मध्ये मांडला, तो आजवर अमलात आलेला नाही. ज्या जिल्ह्यात 2013 मध्ये सोनई आणि 2014 मध्ये खर्डा घडले, तेथे या प्रस्तावाचे मोल काय, हे वेगळे सांगावयास नको.

शेवटी 2009. मतदारसंघांची पुनर्रचना झाली, उत्तर नगरचा मतदारसंघ शिर्डी या नावाने अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. काँग्रेस आघाडीच्या पाठिंब्याने रामदास आठवले उभे राहिले आणि शिवसेनेच्या भाऊसाहेब वाकचौरेंकडून सव्वा लाखाहून अधिक मतांनी पडले. आठवले बाहेरचे, असे सांगितले गेले. कांबळेही बाहेरचेच होते. आठवल्यांच्या राजकारणाबद्दल कुणाचे काही मत असो, प्रश्न एवढाच आहे: जागा खुली होती तेव्हा जो मुलूख आंबेडकरी उमेदवाराला निवडून देतो, तोच मुलूख जागा राखीव झाल्यावर त्याला का नाकारतो? माझे उत्तर असे की 1957 मध्ये मतदारापुढे प्रश्न होता, 2009 मध्ये फक्त जात होती. राखीव जागेवर सगळेच उमेदवार दलित असतात, तेव्हा त्यांतला कमीत कमी त्रास देणारा कोण, हे बहुसंख्याक ठरवतो. 2024 मध्ये येथे वंचित बहुजन आघाडीच्या उत्कर्षा रूपवते यांना पडलेली मते विजयी उमेदवाराच्या आघाडीपेक्षा अधिक होती. म्हणजे वाड्याचे मत आजही निकाल फिरवण्याइतके आहे. निकाल घडवण्याइतके ते नाही.

म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे दोन गोष्टींचे आहे. मताचा निर्णय पुढाऱ्याच्या बैठकीतून काढून पुन्हा तक्क्यात आणा, आणि या वेळी त्या बैठकीत बायकांना, मांगवाड्याला, चांभारवाड्याला बरोबरीने बसवा. आणि ज्या प्रश्नावर बांधावरचा मजूर व कोरडवाहू कुणबी एका पेटीत मत टाकतील तो प्रश्न शोधा. जमीन, मजुरी, पाणी यांपैकी तो कोणता, हे मुंबईत बसून ठरणार नाही.