‘घरचे’ म्हणजे कोण?

आईच्या खुब्याचं हाड मोडलं आणि देखभालीला बाई ठेवायचं ठरलं, तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण एकदा तरी म्हणून गेला, “पूर्वी घरचेच करायचे हो सगळं.” मी मान डोलावली, चहा केला. पण हे ‘घरचे’ नेमके कोण, ते कुणी सांगत नव्हतं.

पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांपुरतं बोलायचं तर ‘घरचे’ म्हणजे बहुतेक वेळा एकच बाई. केशवपन केलेली, आलवण नेसलेली आत्या नाहीतर काकू. लहानपणी विधवा झालेली, माहेरी किंवा दिराकडे दोन वेळच्या अन्नावर राहिलेली. म्हाताऱ्यांचं हागणं-मुतणं काढणं, बाळंतिणीचा शेक-शेगडी, रात्रीची जागरणं, सगळं तिच्याकडे. तिला ना पगार, ना सुट्टी, ना ‘नाही’ म्हणायची सोय. आपण ज्याला घरची माया म्हणतो तिच्यात या बाईची वेठ किती होती, याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

बाहेरच्या माणसाने आजाऱ्याला हात लावायचा, ही कल्पनाच तेव्हा नकोशी होती. विटाळाची भीती होतीच. त्यात १८९७ चा प्लेग आला. गोरे सोजीर घरोघर शिरून झडत्या घेऊ लागले, आजाऱ्याला उचलून इस्पितळात नेऊ लागले. लोक आपला रोगी माळ्यावर, कोठीत लपवू लागले. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करत होत्या, मुलगा डॉ. यशवंत यांच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात. तिथेच संसर्ग होऊन १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. घराबाहेरच्यांसाठी हे काम आपणहून पत्करणारी बाई पुण्याने पाहिली ती अशी.

पण त्याचा पेशा व्हायला अजून काही वर्षं जायची होती. १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं, आणि तिथल्या बायका ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या. त्यांत विधवा होत्या. परपुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कुठल्याही जातीच्या रोग्याचं करायचं, रात्रपाळीला घराबाहेर राहायचं, टीका व्हायचीच. माझ्या मते सेवासदनाचं खरं काम शिकवण्याइतकंच हमी घेण्याचं होतं. मुलगी कुठे राहते, कुणाच्या देखरेखीखाली आहे, यामागे रमाबाईंसारख्यांचं नाव उभं होतं. आणि घरात फुकट राबणाऱ्या हातांना पहिल्यांदाच प्रशिक्षण, पगार आणि मान मिळत होता. त्या आत्यासाठी ही केवढी सुटका! वाड्यातल्यांना तेव्हा ते दिसलं नाही, हा भाग वेगळा.

पुढे कायदे आले. मुंबई इलाख्यात १९३५ चा, मग १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका अधिनियम. परिचारिकेची नोंदणी आली, नंबर आला. पण घरी येऊन अंग पुसणारी, कूस बदलणारी, भरवणारी बाई या नोंदणीच्या बाहेरच राहिली. आज शहरात अशा बाया घरोघर पाठवणारे ब्युरो गल्लोगल्ली आहेत ते याच फटीत. तिथे ‘सिस्टर’ म्हणून जी येते ती एएनएम (सहाय्यक परिचारिका-प्रसाविका) असेल, सहा महिन्यांचा कोर्स केलेली असेल किंवा दुसऱ्या बाईकडे बघून शिकलेली असेल. पांढरा कोट तिघींनाही सारखाच दिसतो.

आमच्याकडे पहिल्या ब्युरोने दर आठवड्याला नवी बाई पाठवली. आईला नाव लक्षात ठेवेपर्यंत ती बदललेली. मग मी फोनवरच चौकशी सुरू केली. नर्स हवी असेल तर नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी नंबर दाखवा. मावशी हवी असेल तर तिने पलंगावरून खुर्चीत उचलून बसवण्याचं काम कुठे आणि किती केलंय ते सांगा. दर दोन तासांनी कूस बदलायची असते हे तिला ठाऊक आहे का, पाठीवर लाली दिसली तर ती कुणाला सांगेल? ती आजारी पडली तर बदली कोण, आणि ती आधी एकदा येऊन आईला भेटेल का? शेवटचा प्रश्न ब्युरोवाल्यांना मुळीच आवडत नाही: मी देते त्यातले तिच्या हातात किती पडतात?

या प्रश्नावर दोघांनी फोन ठेवला. तिसऱ्या ब्युरोच्या बाईंनी आकडा सांगितला, आठवड्याची सुट्टीही सांगितली. आम्ही त्यांच्याकडून माणूस घेतलं. लातूरकडच्या मावशी आहेत, नवरा नाही, दोन मुलं गावी शिकतात. त्यांचं जेवण आमच्याबरोबर टेबलावर होतं आणि रविवारी आईचं सगळं मी आणि भाऊ करतो. तुम्ही ब्युरोला फोन कराल तेव्हा पगाराचा आणि सुट्टीचा प्रश्न आधी विचारा, दराचा नंतर.